योग्य ती कार्यवाही करावी

भाऊंच्या कपाटात एक मोतिया रंगाचं जाकीट आहे. मंत्रिमंडळ विस्ताराची कुजबुज सुरू झाली की वहिनी ते उन्हात टाकतात. इतक्यांदा ऊन खाऊन आता त्याचा मूळ रंग कोणता होता, यावर घरातच एकमत नाही.

भाऊ माजी राज्यमंत्री. 'माजी' हा शब्द ते 'तूर्त' या अर्थानं वापरतात. असे भाऊ राज्यभर विखुरलेले आहेत. आमच्या तालुक्याच्या वाट्याला हे आले. सगळ्यांचं म्हणणं एकच, की जनतेची कामं अडतात कारण राज्यमंत्री कमी पडतात. २०२२ च्या ऑगस्टपासून २०२४ च्या निवडणुकीपर्यंत महाराष्ट्रात एकही राज्यमंत्री नव्हता, होते ते सगळे कॅबिनेट. हा काळ भाऊ दुष्काळासारखा सांगतात. "बहात्तरचा तुम्ही पाहिलात मास्तर, हा आम्ही पाहिला." त्या दिवसांत गावचं नेमकं काय अडलं, असं मी विचारलं. म्हणाले, "ते विचारायलाच कुणी नव्हतं ना!"

भाऊंचा खरा राग २००३ च्या घटनादुरुस्तीवर. तिच्यामुळे मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. त्याआधी १९९७ साली उत्तर प्रदेशात कल्याणसिंहांनी ९३ मंत्री केले होते. तो आकडा भाऊ एखाद्या तीर्थक्षेत्राचं नाव घ्यावं तसा उच्चारतात. आपले आमदार २८८. मी गणिताचा मास्तर, म्हणून त्यांनी मला पंधरा टक्के काढायला लावले. ४३.२ आले. "मग तो पॉइंट दोन मंत्री जातो कुठं?" भाऊंनी विचारलं. सोडून देतात, असं मी म्हणालो खरा. पण भाऊंना मी मंत्रालयात पाहिलं होतं. तो पॉइंट दोन मंत्री मला चांगला ओळखीचा होता.

मी गेलो होतो मुक्कामी गाडीसाठी. रात्री एसटी गावात मुक्कामाला राहिली तरच आमची पोरं सकाळच्या कॉलेजला पोचतात. भाऊंकडे तेव्हा पाच खाती होती आणि दालनात खुर्च्यांपेक्षा हार जास्त होते. कोणत्या खात्यात भाऊंनी काय पाहायचं, हे ठरवायचं कॅबिनेट मंत्र्यांनी; आणि त्या अधिकारवाटपाची फाइल पाच महिने त्यांच्याच टेबलावर होती. मंत्रिमंडळाच्या बैठकीला बोलावणं आलं तरच जायचं. दर दहा मिनिटांनी भाऊ पीएला त्या फाइलबद्दल विचारत, "आली का?" आम्ही फाट्यावर उभे राहून एसटीबद्दल विचारतो, अगदी त्याच सुरात. अधिवेशनात मात्र भाव असे. अडचणीचा प्रश्न आला की कॅबिनेट मंत्री नेमके बाहेर जात आणि भाऊ उठून "माहिती घेऊन पटलावर ठेवू" म्हणत. हे वाक्य त्यांना इतकं जमलं होतं, की घरी भाजीत मीठ कमी का पडलं, या वहिनींच्या सवालालाही तेच उत्तर मिळायचं.

माझा अर्ज त्यांनी शेवटपर्यंत वाचला. हे विशेष. मग कोपऱ्यात शेरा मारला : 'तपासून योग्य ती कार्यवाही करावी.' खाली सही, अशी लांबलचक की तिच्यावरून गाडी गेली असती. अर्ज वरून खाली, एकेका कार्यालयात चहापाणी घेत, चार महिन्यांनी आमच्याच आगारात उतरला. आगारप्रमुखांनी मला बोलावून घेतलं. "मास्तर, पूर्वी गाडी शिल्लक नाही हे मी तुम्हाला तोंडी सांगायचो. आता चार प्रतींत कळवावं लागणार."

भाऊ माणूस मात्र वाईट नाही. रात्री दोनला फोन केला तरी उचलतात. आमच्या शेजारच्या पोराला मुंबईच्या सरकारी रुग्णालयात खाट मिळाली ती भाऊ स्वतः वॉर्डाच्या दारात उभे राहिले म्हणून. पण त्या दिवशी ते मंत्री नव्हते. तेव्हा ते माजी होऊन वर्ष झालं होतं. मी हे त्यांच्या लक्षात आणून दिलं तर त्यांना ते कौतुक वाटलंच नाही.

१५ डिसेंबर २०२४ ला नागपुरात ३९ जणांचा शपथविधी झाला. तो आम्ही भाऊंच्या ओसरीवर टीव्हीवर पाहिला. फोन चार्जिंगला लावून भाऊ त्याच्या शेजारीच बसले होते. सहा राज्यमंत्री झाले. मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्री धरून बेरीज ४२. भाऊंनी बोटांवर पुन्हा मोजलं आणि चेहरा उजळला. "मास्तर, एक राहिली!" त्या एका खुर्चीवर त्या संध्याकाळी महाराष्ट्रातले किती भाऊ बसले असतील, देव जाणे. दुसऱ्या दिवशी जाकीट दोरीवर होतं.

परवा त्यांनी निवेदन लिहून आणलं. 'लोकसेवा गतिमान होण्यासाठी राज्यमंत्र्यांची संख्या वाढवणेबाबत.' मला शुद्धलेखन तपासायला दिलं. मी दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि पान उलटून पुन्हा पाहिलं. वरच्या कोपऱ्यात, हाताच्या सवयीनं, भाऊंनी स्वतःच्याच अर्जावर शेरा मारून ठेवला होता : 'तपासून योग्य ती कार्यवाही करावी.' खाली तीच लांबलचक सही.