फुटलेल्या ब्लॉकची कैफियत

॥ श्री ॥

विनिपेग, कॅनडा
संक्रांतीनंतरचा रविवार

तीर्थरूप बाबा यांचे सेवेशी,
मौजे गोसीखुर्द, तालुका पवनी, जिल्हा भंडारा.

बालकाचे शिरसाष्टांग नमस्कार, विज्ञापना विशेष.

आपले कृपापत्र पावले. उन्हाळी धानाचे पऱ्हे वर आले असून नदीकाठचे आपले जुने किर्लोस्कर इंजिन यंदाही हँडलच्या पहिल्याच फेऱ्याला सुरू झाले, हे वाचून केवळ आनंद झाला असे लिहिले असते. परंतु ज्या दिवशी ते पत्र येथे पोहोचले त्याच दिवशी आमच्या गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक फुटला असल्याचे निष्पन्न झाल्यामुळे त्या आनंदात मत्सराचाही किंचित अंश मिसळला, हे आपल्यापासून लपवणे पुत्रधर्मास शोभणार नाही.

हकीकत अशी. शरद ऋतूत आम्ही एक जुनी पिकअप गाडी एका सद्गृहस्थाकडून विकत घेतली. ते गृहस्थ थंडीला कंटाळून पॅसिफिकच्या किनाऱ्याकडे बिऱ्हाड हलवीत होते, आणि जाता जाता त्यांनी रेडिएटरमध्ये निव्वळ नळाचे पाणी भरून ठेवले होते. आपल्याकडे वैशाखात इंजिनाला पाणी पाजणे हे पुण्यकर्म गणले जाते. येथे पौषात तेच महापातक ठरते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, आणि बीडाच्या भिंतीआड कोंडलेल्या पाण्याला फुगावयास जागा न मिळाल्यास ते भिंतच फोडून बाहेर येते. यासाठी येथे पाण्यात निम्मे इथिलीन ग्लायकॉल मिसळतात, म्हणजे शून्याखाली सदतीस अंशांपर्यंत चिंता नाही. ब्लॉकच्या अंगावर ज्या वाटोळ्या टोप्या असतात, त्या अशा प्रसंगी आपण होऊन निसटतात आणि ब्लॉक वाचवतात, अशी येथील लोकांची श्रद्धा आहे. वस्तुतः ओतकामात आत राहिलेली वाळू काढण्यासाठी ठेवलेली ती भोके असतात, आणि वाळूसाठी केलेल्या दारातून बर्फाने सभ्यपणे बाहेर पडावे असा करार कोणीच केलेला नसतो. आमच्या टोप्या जागच्या जागी शाबूत आहेत. भिंत मात्र फुटली.

येथील प्रत्येक गाडीच्या नाकातून विजेची एक दोरी लोंबत असते, हे आपल्यास मागे कळवलेच आहे. रात्री ती दोरी भिंतीतल्या विजेला जोडली की ब्लॉक उबदार राहतो. ही युक्ती येथून दक्षिणेस, सरहद्दीपलीकडच्या ग्रँड फोर्क्स गावच्या अँड्र्यू फ्रीमन नावाच्या गृहस्थाची; १९४९ साली त्याला तिचे पेटंट मिळाले. आमच्या अंगणात त्या उपकारक दोरीनेच पापाचा उच्चार केला, कारण ब्लॉक तापताच आतले बर्फ वितळले, इंजिनाखाली पाण्याची धार लागली, आणि पाहता पाहता ती धारही गोठून उभी राहिली. मी आपल्या शिकवणुकीप्रमाणे सर्वांत प्रथम ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल ताकासारखे पांढरे झालेले नव्हते. अर्थात तडा सिलिंडरच्या बोअरमध्ये किंवा बेअरिंगच्या आधारात गेला नसून बाहेरच्या वॉटर जॅकेटच्या भिंतीला गेला असावा, असे अनुमान मी काढले, आणि घरातल्या एकाही इसमाने त्याची दखल घेतली नाही.

त्याच सायंकाळी आमच्याकडे हळदीकुंकू असल्याने पंच आयतेच जमले होते. तिळगूळ घेतलेल्या माणसांनी गोड बोलावे हा संकेत इंजिनाच्या बाबतीत लागू नसावा. एका पुणेकर स्नेह्याने इंजिनासकट गाडी भंगारात काढण्याचा सल्ला इतक्या निर्विकारपणे दिला, की त्यांचे स्वतःच्या आप्तांविषयीचे धोरण काय असेल या शंकेने मी अस्वस्थ झालो. नागपूरच्या एका भाऊंनी एम-सीलची एक पुडी पुरे, असा निर्वाळा दिला व आपल्या बॅगेत ती असल्याचेही जाहीर केले. सौ.ने गाडी मुळात घेतलीच कशाला, हा मूलभूत प्रश्न उपस्थित केला. त्यावरील चर्चा मी तहकूब ठेवली आहे.

शहरातील गॅरेजवाल्याने दुरुस्तीचा विचारच केला नाही. त्याचे गणित असे, की नवा शॉर्ट ब्लॉक, म्हणजे क्रँक व पिस्टन यांसह जुळवलेला अर्धा संसार, पेटीतून काढून बसवण्याचे तास ठरलेले असतात. तडा शोधण्याचे, सांधण्याचे व पुन्हा तपासण्याचे तास परमेश्वरालाही ठाऊक नसतात, आणि येथे तासाची किंमत लोखंडाच्या किमतीहून मोठी. पवनीच्या लेथवाल्याचे गणित याच्या नेमके उलट आहे, आणि दोघेही आपापल्या गावी बरोबर आहेत. परंतु गॅरेजवाल्याचे अंदाजपत्रक मात्र दर टेलिफोनागणिक वाढत गेले व अखेरीस गाडीच्या किमतीच्या दीडपट झाले. ज्याच्या गावचे धरण ३७२ कोटींच्या अंदाजाने मंजूर होऊन, २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते कोनशिला बसून, पुढे अठरा हजार कोटींच्या पल्याड गेले, त्याला अशा वाढीचे भय वाटण्याचे कारण नाही. येथील लोकांनी १९५० च्या महापुरानंतर रेड नदीचे पाणी शहराबाहेरून वळवण्यासाठी सत्तेचाळीस किलोमीटरचा कालवा १९६२ मध्ये खोदावयास घेतला आणि १९६८ मध्ये तो पुरा करून मोकळे झाले. त्यामुळे अंदाजपत्रक म्हणजे काय चीज आहे, हे त्यांना कळण्याची संधीच मिळाली नाही.

अखेर स्टाइनबाख या मेनोनाइट लोकांच्या गावी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक वृद्ध कारागीर आहे असे समजल्यावरून मी गाडी ओढून तेथे नेली. त्याने पाणी काढून टाकले, वाटा बंद करून आत हवेचा दाब दिला, वरून साबणाचे पाणी फिरवले, आणि बुडबुड्यांच्या रेषेवर खडू ओढून माझ्याकडे पाहिले. वीतभर तडा, बाहेरच्या भिंतीला. आपल्याशी पुष्कळ पटेल असा माणूस, कारण तो प्रश्न विचारण्यापूर्वी बोट फिरवतो.

वेल्डिंगला त्याची हरकत. बीडात कार्बन दोन ते चार टक्के. एका जागी तापवून एकदम थंड होऊ दिले, तर सांध्याच्या शेजारी दुसरा तडा जातो. सबब सारा ब्लॉक भट्टीत तापवून, मग राखेत पुरून सावकाश निववावा लागतो. त्याची पद्धत टाके घालण्याची: तड्याच्या दोन्ही टोकांना भोके पाडून त्याची पुढची वाट रोखावयाची, मधल्या रेषेवर भोके पाडून त्यांत आटे काढावयाचे, एकमेकींना खेटून पिना पिळून बसवावयाच्या, अशा की प्रत्येक पीन शेजारणीचा थोडा अंश खाऊनच बसेल, मग माथी कापून घासून सपाट करावयाची. आच मुळीच नाही. पुणेकर स्नेह्यांना यात अडाणीपणाचा वास आला, तेव्हा मी १९१७ सालचा दाखला दिला. अमेरिकेने बंदरांतील जर्मन जहाजे ताब्यात घेतली, तेव्हा खलाशांनी जाण्यापूर्वी इंजिनांची बीडाची सिलिंडरे फोडून ठेवली होती. नवी ओतावयाची तर वर्षाहून अधिक काळ लागेल असा हिशेब होता, पण आरमाराने विजेच्या वेल्डिंगने ती सांधली आणि त्याच जहाजांतून फौजा युरोपात उतरवल्या. टाके व वेल्डिंग एक नव्हे, असा आक्षेप त्यांनी नोंदवला. तो रास्त असल्याने मी त्यांना आणखी एक तिळाची वडी दिली.

आपण विचाराल म्हणून कागदपत्रांचेही लिहितो. आपल्याकडे इंजिनाचा नंबर ब्लॉकवर कोरलेला व आर.सी.त नोंदलेला; ब्लॉक बदलला की परिवहन कार्यालयाच्या पायऱ्या आल्या. येथे गाडीची ओळख चासीच्या नंबरावरून, इंजिनाची सरकारला विशेष चौकशी नाही. नंबर कायम आणि आतील ऐवज निराळा, हा प्रकार आपल्या बुडीत क्षेत्रातील लोकांना अपरिचित नाही: त्यांची घरे, विहिरी, पार सारे पाण्याखाली गेले आणि गावाचे नाव तेवढे नव्या गावठाणाच्या पाटीवर चढले. त्या पाटीखाली राहणाऱ्या आत्याबाईंना ब्लॉकविषयी विचारले असते, तर त्यांचे मत दुरुस्तीच्या बाजूने पडले असते, याविषयी मला शंका नाही.

सबब निर्णय दुरुस्तीचा झाला. कारागिराने काम उक्ते घेतले आहे, तास मोजणार नाही. रक्कम गॅरेजवाल्याच्या अंदाजाच्या चौथ्या हिश्शाहून कमी आहे. आपल्या सूनबाईंनी मंजुरी दिली, ती लेखी मागण्याचे धाडस मी केले नाही. भिवापुरी मिरची संपत आली आहे. येणाऱ्या कोणाबरोबर पाठवावी. मातोश्रींस साष्टांग नमस्कार. कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

आपला आज्ञाधारक,
बालक

ता. क. हे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी शेजाऱ्याने कळवले, की त्याच्या कोठारात अगदी अशीच एक गाडी आहे. गिअरबॉक्स गेलेला, इंजिन मात्र ठणठणीत, आणि ओढून नेल्यास फुकट. ती सध्या आमच्या अंगणात उभी आहे. सौ.ने मंजुरी परत घेतली असून, पुढील हुकूम आपणच द्यावा असे तिचे म्हणणे आहे. उत्तर तिच्या नावे न पाठवता माझ्या नावे पाठवावे.