वस्त्रार्थे अक्षता

निवृत्तीनंतर पायथन शिकायला बसलो. भाची म्हणाली, "मामा, घरखर्चापासून सुरुवात कर." मी 'किराणा' नावाचं फंक्शन लिहिलं (पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, याचं मला फार कौतुक), विसर्गासारखा कोलन दिला आणि तिथेच थांबलो. आत काय लिहायचं ते अजून सुचलं नव्हतं. यंत्र अडून बसलं. दुसऱ्या भाषांत दोन महिरपी कंस रिकामे ठेवले तरी भागतं. इथे घर ओळखायचं ते समासावरून, आणि समासाला निदान एक ओळ तरी हवीच. मी # टाकून लिहिलं, 'इथे हिशेब येईल.' पण कॉमेंट पायथनच्या खिजगणतीत नाही. भाचीने चारच अक्षरं टाइप केली: पी, ए, एस, एस. पास.

"याने काय होतं?"

"काहीच नाही."

ज्या शब्दासाठी आम्ही वर्षभर घोकंपट्टी केली, तो इथे काहीही न करता मिळत होता! पासऐवजी नुसती तीन टिंबं दिली तरी चालतात म्हणे. म्हणजे नवकवींचीही सोय आहे. चूक पकडून तिच्याखाली पास लिहिला, तर ती मुकाट गिळली जाते. जाणते लोक असं करू नये म्हणतात. आमची अर्धी नाती त्यावरच टिकली आहेत.

मला अण्णांची पूजा आठवली. वस्त्र नसलं तर वस्त्रार्थे अक्षता, दागिना नसला तर आभरणार्थे अक्षता. चिमूटभर तांदूळ पडले की पूजा पुढे सरकायची. पितळेचा बाळकृष्ण रांगता रांगता मान वर करून बघायचा, जणू 'आजही तांदूळच?' मी एकदा विचारलं, "अण्णा, याला खरे कपडे कधी?"

"बोनस मिळाला की."

बोनस दर दिवाळीला यायचा आणि आमच्या सदऱ्यांच्या कापडात संपायचा. बाळकृष्णाने मात्र कधी एरर दिला नाही. चाळीस वर्षं तो अक्षतांवर राहिला. आता माझ्या देवघरात असतो.

परवा तुळशीबागेतून त्याच्यासाठी जरीचा अंगरखा आणला. दोन बोटं मोठाच होतो. किराण्यात अजून पास आहे.