इंग्रजी प्रीपोझिशनांस अनावृत पत्र

राजमान्य राजश्री प्रीपोझिशनसाहेब यांसी,

सा. न. वि. वि. एका सरकारी कचेरीत कनिष्ठ अभियंता असलेल्या आमच्या भाच्याने, किनाऱ्यालगतच्या गावांतील विहिरी खाऱ्या का होत चालल्या आहेत याविषयी परिश्रमपूर्वक सादर केलेला इंग्रजी अहवाल गतसप्ताहात वरिष्ठांकडून परत आला, तो 'डिस्कस्ड'च्या पाठीमागे उभ्या असलेल्या आपल्या 'अबाउट' नामक बंधूंना तांबड्या शाईने फासावर चढवून. शेऱ्यात पाण्याचा उल्लेख नव्हता, 'भाषा सुधारावी' एवढाच हुकूम होता.

आपल्या घराण्याचा न्याय अगाध आहे. 'डिस्कस' या क्रियापदाच्या दारी 'अबाउट' दिसला की तो घुसखोर. तेच क्रियापद 'डिस्कशन' असे नामरूप धारण करून बसले की त्याच 'अबाउट'ला पायघड्या. 'रिक्वेस्ट' आणि 'फॉर' यांचाही हाच तहनामा. ज्याच्या जिभेवर 'विषयी' आणि 'बद्दल' जन्मापासून वसले आहेत, त्या मराठी माणसाने हा भेद कोणत्या सनदेच्या आधारे ओळखावा? खोलीत शिरताना 'एन्टर'ला 'इन्टू' वर्ज्य, करारात शिरताना अनिवार्य. 'डिपेंड'चा मूळ लॅटिन अर्थ एखाद्या गोष्टीपासून खाली लोंबणे, तरी त्याच्या पदरी 'ऑन'. त्यातून सुटून 'इंडिपेंडंट' झालेल्यास 'ऑफ', आणि तेच स्वातंत्र्य 'इंडिपेंडन्स' या नामाने मिळवायचे तर 'फ्रॉम'! इंग्रज १९४७ साली निघून गेला. कोणते अव्यय लावून गेला, याची चौकशी आमच्या कचेऱ्यांत अद्याप चालू आहे.

वस्तुतः आपली कीवच यावी. जुन्या इंग्रजीला आमच्यासारखेच विभक्तिप्रत्यय होते; ते काही शतकांत झिजून गेले आणि त्यांचा बहुतेक कारभार आपल्यासारख्या इवल्या कारकुनांच्या माथी आला. कोणी कोणत्या क्रियापदाकडे रुजू व्हावे हे पुष्कळदा तर्काने नव्हे, वहिवाटीने ठरले. यात आपला अपराध कोणता?

अपराध आहे तो त्या वहिवाटीलाच बुद्धीचे माप समजणाऱ्यांचा. अहो, माणसे खारे पाणी पीत आहेत, आणि हा गृहस्थ 'अबाउट' खोडत बसतो! ज्याला शब्द खोडता येतो पण त्यापुढचे वाक्य वाचवत नाही, त्याला इंग्रजी येते असे म्हणायचे तरी कशाच्या बळावर?

सबब विनंती अशी की, आपण सर्वांनी एक दिवस सामुदायिक रजा घ्यावी. शेरा मारण्यास काहीच न उरल्यामुळे त्या दिवशी तरी साहेबांना मजकूर वाचावा लागेल.

कळावे,
एक फिर्यादी