छर्रा किती वजनाचा घ्यावा? : जालन्याच्या होतकरू पिस्तूलवाल्यांसाठी

सर्वप्रथम अभिनंदन. २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमधून कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक आणलं आणि तुम्ही नेमबाज व्हायचं ठरवलंत. तो रायफलवाला, तुम्हाला हवंय पिस्तूल. पण उत्साहाच्या भरात एवढं चालायचंच.

सुरुवात यूट्यूबपासून करा, कारण ती तुम्ही केलेलीच असेल. तिथे अमेरिकेतला एखादा गृहस्थ गॅरेजमध्ये बसून स्वतःची काडतुसं स्वतः भरतो आणि ९ एमएमला ११५ ग्रेनची गोळी बरी, १२४ची की १४७ची, यावर तासभर बोलतो. हलकी गोळी वेगाने जाते, जड गोळी संथ जाते आणि तिचा धक्का बऱ्याच जणांना मवाळ वाटतो. हे सगळं वहीत नीट उतरवून घ्या. मग वही मिटा. ९ एमएम आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडतं, सामान्य माणसाला त्याचा परवाना मिळत नाही. आणि परवान्याशिवाय घरी काडतुसं तयार करणं हा शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ चा भंग आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. तेवढ्या अवधीत गोळीच्या वजनावर निवांत विचार होईल, प्रयोग मात्र करता येणार नाहीत.

मग .२२ चं काय? राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, त्या प्रकारात हेच काडतूस चालतं. त्याची गोळी बहुतेक वेळा ४० ग्रेनची. इंग्रजी अमदानीतला तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे तोळ्याला साडेचार गोळ्या. सराफ्यात ओळखीचं कोणी असेल तर हा हिशोब सांगून चहा मिळवता येईल. पण या काडतुसाचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो आणि एकदा उडालं की ते पुन्हा भरण्याजोगं राहत नाही. कारखान्याने जे वजन दिलं ते निमूट घ्यायचं. निवडीचा प्रश्न मिटला.

उरलं १० मीटरचं एअर पिस्तूल. ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलच्या आत ताकद असेल तर त्याला शस्त्रपरवाना लागत नाही. ते हातात आल्याबरोबर वाढदिवसाच्या बॅनरवर किंवा स्टेटसला फोटो टाकायचा मोह होईल. टाकू नका. फोटोत ते हवेचं आहे की बारुदाचं हे कळत नाही, आणि पोलीस ठाण्यात जाऊन समजावून सांगण्यात सरावाचा दिवस वाया जातो.

आता मूळ मुद्दा. दुकानात दोन जातीचे डबे दिसतील : पिस्तुलासाठीचे साधारण ०.४५ ते ०.४९ ग्रॅमचे आणि रायफलसाठीचे ०.५३ ग्रॅमचे. दोन्हींची नाकं चपटी, कागदाला स्वच्छ गोल भोक पडावं म्हणून. जालन्यात वजनावर मत नसलेला माणूस सापडणं अवघड. स्टीलवाला टनात बोलतो, मोसंबीवाला क्विंटलमध्ये, बियाणेवाला ग्रॅमवर येतो. तुमच्या डब्याबद्दलही तिघे तीन सल्ले देतील. तिघांना नमस्कार करा आणि पुढचं गणित वाचा.

पिस्तुलातून छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने निघतो. दहा मीटर जाईपर्यंत तो दोन-सव्वादोन सेंटिमीटर खाली येतो. जड छर्रा थोडा हळू जातो, म्हणून तीन-चार मिलिमीटर जास्त खाली येतो. मागच्या साईटचा स्क्रू थोडा फिरवला की तो फरक संपला. दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं आहे. तुमचा हात, खरं सांगायचं तर, त्याच्या कितीतरी पट हलतोय.

तरीही वजनाचा शौक फिटत नसेल तर सराफाचा काटा मागून आणा आणि डब्यातले पाचशेच्या पाचशे छर्रे एकेक करून तोला. रविवार छान जाईल. त्यातून कळेल एवढंच की छर्रा हलका की जड यापेक्षा सगळे सारखे आहेत का, हे महत्त्वाचं. तेही वजनापेक्षा आकारात जास्त. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, तो डोक्याचा व्यास. कोणत्या नळीला कोणता मानवेल हे ती नळीच सांगते : पिस्तूल शिकंज्यात घट्ट बसवायचं, एकाच घाण्यातले पाच छर्रे उडवायचे आणि भोकं किती जवळ पडतात ते बघायचं. मोठे नेमबाज यासाठी दिवस घालवतात. तुमचा डबा मात्र एसटीच्या डिकीत आदळत आला असेल, तर आधी छर्र्यांच्या मागच्या कडा तपासा. शिसं मऊ असतं. कड चेपलेला छर्रा फेकून द्या, त्याचं वजन काहीही भरो.

खास जालन्यासाठी एक सूचना. औद्योगिक वसाहतीतून लोखंडी प्लेट फुकटात मिळते म्हणून ती लक्ष्यामागे लावू नका. शिशाचे तुकडे उलट तुमच्याकडे येतात. जाड खोक्यात जुने कपडे आणि रद्दी दाबून भरा, मागे भिंत हवीच, आणि डोळ्यांवर चष्मा.

आणि वजनच निवडायचं असेल तर या खेळात एक वजन खरोखर मोलाचं आहे : पाचशे ग्रॅम. स्पर्धेच्या आधी पंच तुमचं पिस्तूल नळी वर करून उभं धरतात आणि ट्रिगरला अर्ध्या किलोचं वजन टांगतात. ते उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. तेवढा दाब तुमच्या एका बोटाने हळूहळू, बाकीचा हात न हलवता द्यायचा. नवशिक्याचे बहुतेक छर्रे इथेच भरकटतात आणि खापर फुटतं डब्यावर. शिवाय पिस्तूल किलोभराचं, धरायचं एका हाताने, आणि पंच्याहत्तर मिनिटांत साठ नेम. लिटरभर पाण्याची बाटली हात ताणून वीस सेकंद धरून बघा. दहाव्या वेळेला छर्र्याच्या वजनाबद्दलचं तुमचं मत बदललेलं असेल.

सराव झाला की साबणाने हात धुवा, त्याआधी तंबाखू, चहा, भजी काही नको. शिसं पोटात गेलेलं चांगलं नाही. आणि पहिलं वर्षभर ०.४९ ग्रॅमचा, कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचा एकच डबा घ्या, संपला की तोच पुन्हा घ्या.