आमरीवाले काका

आमरीवाले काका हा धार आणि देवास इथल्या निवृत्त मराठी माणसांचा एक प्रकार आहे. अठराव्या शतकात पवारांबरोबर माळव्यात येऊन स्थिरावलेल्या घरांत तो विशेषकरून आढळतो. वय साठीपुढचे. आयुष्य बँकेत किंवा शाळेत गेलेले. गळ्यात दुर्बीण, खिशात भिंग, डोक्यावर मुलाने अमेरिकेहून आणलेली टोपी आणि पिशवीत सेव-परमल, एवढ्यावरून तो लांबूनही ओळखू येतो.

एरवी निरुपद्रवी असलेले हे काका मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की घराबाहेर पडतात. कारण त्यांच्या कपाटातले इंग्रजी पुस्तक. त्यात वाचलेले असे, की इंग्लंडच्या दक्षिणेकडील चुनखडीच्या टेकड्यांवर माती इतकी निकस असते की उंच गवत माजत नाही. त्या मोकळ्या जागेत जूनमध्ये जमिनीतून आमऱ्या, म्हणजे ऑर्किड, फुलतात आणि भोवती निळी फुलपाखरे उडतात. तिथला उन्हाळा आणि माळव्यातला उन्हाळा एकच, असे काका धरून चालतात.

चुनखडी मात्र धार जिल्ह्यात खरोखरच आहे. धारहून शंभरेक किलोमीटरवर बाग या गावाच्या परिसरात ती उघडी पडलेली दिसते. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता, त्याच्या शंखशिंपल्यांचे अवशेष तिच्यात सापडतात. त्यानंतरच्या थरांत टायटॅनोसॉर डायनासोरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी आढळल्याचे संशोधन २०२३ साली प्रसिद्ध झाले. अंड्यांचा व्यास सुमारे १५ ते १७ सेंटिमीटर. पाडल्या गावचे लोक असे गोल दगड काकर भैरव म्हणून पूजत आले होते. काकांचे सारे लक्ष आमरीकडे असल्यामुळे ते अशाच एखाद्या दगडावर बसून ताक पितात.

मोहिमेला किमान दोन काका लागतात, आणि त्यांतले एक देवासच्या थोरल्या पातीचे, तर दुसरे धाकट्या पातीचे असतात. १९४८ मध्ये या दोन्ही पात्यांची संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, तरी फुलपाखराची ओळख पटवताना सरहद्द पुन्हा आखली जाते. रुईवर नारिंगी फुलपाखरू बसले की थोरली पाती ‘प्लेन टायगर’ म्हणते आणि धाकटी ‘डॅनेड एगफ्लायची मादी’. वाद अगदीच पोकळ नसतो. प्लेन टायगरची अळी रुई खाऊन वाढते, त्यामुळे फुलपाखरू पक्ष्यांना बेचव लागते, आणि एगफ्लायची मादी त्याच्यासारखे रूप घेऊन स्वतःचा जीव वाचवते. चोचीने खात्री करणारे पक्षी जिथे फसतात, तिथे चष्म्याने काय होणार! “अहो, हळू बोला, उडून जाऊन राहिलं ना!” असे दोघेही एकाच वेळी ओरडतात आणि फुलपाखरू निकाल न देता निघून जाते.

काकू या भानगडीत पडत नाहीत. त्या बाग प्रिंटच्या कारखान्यात उतरतात आणि लाल रंगाला तुरटी लागते, काळ्याला लोखंडाचा गंज, हे कारागिराकडून नीट समजून घेऊन दोन साड्या बांधून घेतात. मोहिमेतला निश्चित ऐवज तेवढाच.

काका दुपारपर्यंत जमिनीवर नजर ठेवून फिरतात. शेवटी शेळ्या राखणारा भिलाला पोरगा त्यांना मान वर करायला सांगतो. महुव्याच्या फांदीवर वांडा टेसेलाटा फुललेली असते. पिवळट-तपकिरी पाकळ्यांवर चौकटी, जांभळी जीभ, हवेत लोंबणारी मुळे. माळव्याच्या उन्हाळ्यात भेटणारी आमरी ही अशी झाडावर राहते, खालच्या दगडाशी तिला कर्तव्य नसते. काका पोराला तिचे लॅटिन नाव दोनदा म्हणायला लावतात. पोरगा ते सेव-परमलाच्या मोबदल्यात म्हणतो.

जमिनीवरच्या आमऱ्या, उदाहरणार्थ हबेनारिया, या दिवसांत कंदाच्या रूपाने मातीखाली निजलेल्या असतात. पाऊस पडला की त्यांना पाने फुटतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्या फुलतात. तेव्हा डोंगरावर चिखल असतो, काकांच्या गुडघ्यांना डॉक्टरांची मनाई असते आणि गावातल्या गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब त्यांच्याकडेच असतो. त्यामुळे या आमऱ्यांची आणि काकांची गाठ सहसा पडत नाही.