पिल्लू आहे, रंग पक्का व्हायचाय

पावसाळ्यात एटापल्लीच्या चहाटपरीवर दोन गोष्टी हमखास मिळतात. गरम भजी, आणि साप ओळखून देणारे भाऊ.

असा एक भाऊ तालुक्या-तालुक्याला असतोच. हातात आकड्याची काठी, अंगात खूप खिशांचं जाकीट (खिशांत खर्र्याची पुडी सोडून काही नसतं) आणि काच तडकलेला मोबाइल. त्या तडकलेल्या काचेमुळे प्रत्येक सापाच्या अंगावर दोन पट्टे जास्त दिसतात. भाऊ ते वजा करून सांगतात.

लोक फोटो पाठवतात तेही कसले! सापाची शेपटी अंधारात, डोकं पाटीखाली, आणि मधोमध आत्याबाईंचा पाय मात्र स्वच्छ. खाली प्रश्न : ‘भाऊ, मन्यार हाय का?’

“काळ्यावर पांढरे पट्टे म्हन्जे मन्यार? मंग झेब्रा क्रॉसिंग बी मन्यारच!” भाऊ कडाडतात. (एटापल्लीत झेब्रा क्रॉसिंग मी तरी पाहिलेलं नाही, पण उदाहरणाला चालतं.) मग टपरीचं रूपांतर वर्गात होतं. मण्याराचे पट्टे मानेपासून अंतर सोडून सुरू होतात, बारीक, बहुधा जोडीजोडीनं, आणि शेपटीकडे ठळक होत जातात. बिनविषारी कवड्याचे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात. मण्याराच्या पाठीच्या कण्यावर षटकोनी मोठे खवलेही असतात, पण ते मोजायला जाऊ नये, असं भाऊ स्वतः मोजत असताना सांगतात.

एवढ्या बाबतीत मात्र त्यांची थट्टा करवत नाही. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो, आणि कित्येकदा चावल्याचं कळतही नाही. ‘कवड्याच असेल’ म्हणून माणूस पुन्हा झोपला, तर सकाळ उजाडेलच असं नाही. म्हणून भाऊंचा शेवटचा शब्द ठरलेला : “साप कोनता बी असो, चावला का सरकारी दवाखाना.”

परड, म्हणजे पुस्तकातली घोणस, तिच्या अंगावर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा. डुरक्याचे डाग वेडेवाकडे. हे सगळं त्यांना पाठ. पाठ नाही ते एकच वाक्य : ‘माहीत नाही’. अडले की म्हणतात, “पिल्लू आहे. रंग पक्का व्हायचाय.”

दिवाळीत माझा पुण्याचा भाचा आला. त्याच्या मित्राकडे पाळलेला कॉर्न स्नेक, मूळचा अमेरिकेचा. त्याच्या जातभाईंचे फोटो दाखवत भाचा नावं वाचू लागला : कॅरॅमल, बटर, लव्हेंडर, ब्लिझार्ड. टपरीवाल्याला वाटलं, आइस्क्रीमचं कार्ड आहे.

“चावला तर?” भाऊंनी विचारलं.

“काही नाही. विष नसतं.”

“मंग ओळखाचा कायले?”

भाचा गप्प. पण साध्या, तांबड्या डागांच्या सापावर भाऊंचं बोट थांबलं. “हा त आपल्या तस्कराचा चुलतभाऊ दिसते.” मी नंतर पाहिलं, तर जुन्या वर्गीकरणात दोघं खरोखर एकाच प्रजातीत, ‘एलाफे’त होते. फरक इतकाच, की इथला तस्कर पाळला तर १९७२ च्या कायद्यानं वनखातं भाऊंनाच पाळायला नेईल.

मग भाच्यानं हुकमी पत्ता काढला. ‘स्नो’. काळा रंग बनत नाही, लालही बनत नाही, म्हणून पांढरा-गुलाबी. दोन्ही दोष लपवून असलेल्या, साध्याच दिसणाऱ्या जोडप्याच्या पोटी सोळांत सरासरी एक.

भाऊंनी मोबाइल जवळ घेतला, लांब धरला, उलटा केला. टपरीवर शांतता.

“पिल्लू आहे,” ते म्हणाले.

“मामा, पाच वर्षांचा आहे तो!”

“असू दे. रंग पक्का व्हायचाय.”