पिल्लू बघायला विरोधी पक्ष न्यावा

मांजराचं पिल्लू आणायचं ठरलं, तर खरेदीला प्रेमळ माणसाला अजिबात पाठवू नये. प्रेमळ माणूस पिंजऱ्यापाशी जातो, आतलं पिल्लू जांभई देतं आणि याची अक्कल गहाण पडते. मग दुकानदार सांगेल ती किंमत आणि सांगेल ती जात. खरेदीला न्यावं ते मांजर न आवडणारं माणूस. आमच्याकडे सुदैवानं आत्या आहे.

आत्याचा जन्म रायपूरच्या तात्यापाऱ्यातला. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि भांडणाला छत्तीसगढी, असा तिचा कारभार. मांजराबद्दल मत एकच : "दुधातुपाला तोंड लावणारी जात. घरात आली तर मी पुण्याला निघून जाईन." पुण्यात तिचं कोणी नाही, पण धमकी द्यायला पुणं बरं पडतं. तरी "फसू तरी नका" म्हणत ती आमच्याबरोबर निघाली.

पहिल्या दुकानात मालक म्हणाला, "प्योर पर्शियन है अम्मा, एक महीने का." तोवर आमच्या मुलीनं पिल्लाचं बारसंही उरकलं होतं. आत्यानं पिल्लाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती थेट छत्तीसगढीवर आली : "एखर दाई कहाँ हे?"

दाई म्हणजे आई. ती दुकानात नव्हती. माल बाहेरगावाहून येतो, म्हणे. खाण तशी माती, तेव्हा खाण पाहिल्याशिवाय माती घ्यायची नाही, हा आत्याचा नियम. तिनं जमवलेली सगळी लग्नं याच नियमावर उभी आहेत. त्यामुळे पुढचा प्रश्नही ठरलेला : "आजोळी कुणाला किडनीचा त्रास?" दुकानदार हसला. हसण्यासारखं काही नव्हतं. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार पिढीजात उतरतो, आणि आईबापाच्या तपासणीत तो आधीच कळू शकतो. आत्याला हे ठाऊक नव्हतं. ती किडनीचं सगळ्यांनाच विचारते.

वयाचं मात्र नियमातच आहे. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्रानं 2018 साली केलेल्या नियमांनुसार 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि दुकानाला राज्याच्या पशुकल्याण मंडळाची नोंदणी लागते. तेवढ्या दिवसांत पिल्लू आईच्या अंगावर पितं, भावंडांना चावतं, त्यांचे चावे खातं आणि किती जोरात चावलेलं चालतं ते शिकतं. महिन्याचं उचलून आणलं, की ही शिकवणी आपल्या बोटांवर होते. मी नोंदणीचा कागद मागताच मालकांना एकाएकी महत्त्वाचा फोन आला.

पुढचं स्थळ एका घरातलं निघालं. आई समोर ऐसपैस पसरलेली, पिल्लं 10 आठवड्यांची, पहिली लस टोचल्याचं डॉक्टरांच्या सहीचं कार्ड, जंताच्या औषधाची नोंद. पण इथे उलटतपासणी आमचीच सुरू झाली. दिवसा घरी कोण असतं? गॅलरीला जाळी आहे? पाच-सहा महिन्यांची झाली की ऑपरेशन करून घेणार ना? मे महिन्यात रायपूरचा पारा 45 अंशांना टेकतो, तेव्हा या केसाळ जिवाला कूलरसमोर जागा मिळेल का? आत्या खूश झाली. "मुलीकडचे खमके आहेत. इथंच करा."

घरी येताच नवरीनं कूलरमागचा कोपरा गाठला आणि संध्याकाळपर्यंत शेपटीखेरीज काही दाखवलं नाही. अशा वेळी ओढून काढायचं नसतं. एक खोली, पाणी, पूर्वीच्या घरचंच खाणं आणि खाण्यापासून लांब वाळूचा ट्रे, एवढं मांडून माणसांनी बाहेर व्हायचं. शेजारच्या काकूंनी कौतुकानं दुधाची वाटी आणली. आईचं दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांना गाईचं दूध पचत नाही, जुलाब होतात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते ऐकून आत्याचा चेहरा उजळला. "म्हणजे दूध आपलंच?" पुण्याचा बेत तिथल्या तिथे रद्द झाला.

आता गल्लीत आत्याला मागणी आहे. परवा मागच्या घरातल्या सूनबाई आल्या. "आत्या, पिल्लू बघायला जायचंय, येता का?"

"घरात विरोध कुणाचा?"

"सासूबाईंचा."

"मग मी कशाला? त्यांनाच ने. आणि किडनीचं तेवढं विचारायला सांग."